सूर्यातल्या बेरिलियमचे माप

प्रोफेसर गावंडे प्रयोगशाळेत शिरले की आधी खिडक्या लावून घेत. अमरावतीच्या भर मे महिन्यातसुद्धा. कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटवलेली विजेची ज्योत वाऱ्याने हलू नये, म्हणून. मी त्यांच्या हाताखाली नवाच लेक्चरर लागलो होतो. घामाने निथळत मी खिडकीकडे वळलो, तर म्हणाले, "राहू द्या. आपल्याले गरमी चालते, इले वारा चालत नाई."

सर अकोटकडच्या शेतकरी घरातले, धिप्पाड आणि आवाजाने दणदणीत. सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात काळ्या रेषा दिसतात, त्यांवरून सूर्यात कोणते द्रव्य किती आहे ते काढता येते. पण त्यासाठी त्या द्रव्याचा एकेक अणू किती प्रकाश गिळतो, हे आधी प्रयोगशाळेत मोजावे लागते. सर ते मोजत. "सूर्य सांगते सारं," ते म्हणत, "पण त्याचा अर्थ इथं बसून लावा लागते."

त्या वर्षी त्यांनी बेरिलियम घेतले. राजपुतान्यातल्या खनिजापासून तयार केलेली त्याची पांढरी भुकटी आली. सरांनी चिमूटभर जिभेवर ठेवली. "घ्या, गोड लागते."

मी नको म्हणालो. ते मोठ्याने हसले. मग कांडीच्या खळग्यात भुकटी भरून ज्योत पेटवली. पांढरा धूर उठला आणि सावकाश खाली बसला. टेबलावर, कोटावर, त्यांच्या मिशांवर. हे पुढे रोजचेच झाले. मला वर्ग असत, मी येऊन-जाऊन असे. ते दिवसभर आतच.

दुसऱ्या हिवाळ्यात खोकला सुरू झाला. जिना चढताना ते मधेच थांबू लागले. अकोल्याच्या डॉक्टरांनी क्षय म्हटले, पण थुंकीत जंतू सापडेनात. "काम थांबवा," असे त्यांनी बजावले.

"रेघ हाती येऊन राहिली," सर मला म्हणाले, "आता काहून थांबू?" त्यांच्या ओठांवर निळसर झाक होती.

एका दुपारी मी गेलो, तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या होत्या. ज्योत विझलेली होती. सर स्टुलावर बसून भुकटीच्या बरणीकडे पाहत होते.

"घरी तुमच्या वहिनीलेबी खोकला लागला," ते म्हणाले. "पोरायले नाई, म्हाताऱ्या मायले नाई. हिलेच. माहे कपडे हेच झटकते."

ही भुकटी विषारी आहे असे तेव्हा आमच्या कोणत्याच पुस्तकात नव्हते.

"आजपासून बंद. तुमीबी या खोलीत पाय ठेवू नका."

कॉलेजमागच्या पडीत जमिनीत खोल खड्डा खणवून बरणी त्यांनी स्वतः पुरली, वर कोट टाकला. माती ओढताना त्यांना तीनदा खाली बसावे लागले. माझा हात मात्र लागू दिला नाही.

दिवाळीआधीच सर वारले. मी अकोटला त्यांच्या घरी भेटायला गेलो. वहिनी ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"भाऊ, मोजलं का शेवटी त्याईनं? किती हाये ते सूर्यात?"

"मोजलं, वहिनी. झाल्या तेवढ्या मापांवरून फार थोडं. नसल्यासारखंच."

त्यांना धाप लागली होती. ती ओसरेपर्यंत त्या अंगणातल्या उन्हाकडे पाहत राहिल्या.

"मंग सूर्यालेबी ते नकोच असन," त्या म्हणाल्या.