'थम' कोणी म्हटलं?

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. उलट 'अंगात येणं बंद करा' हे चार पानी पत्रक मी स्वतः लिहून गावोगाव वाटलंय. तेव्हा पुढचा मजकूर वाचून कोणी "बघा, शेवटी हाही आला लाइनीवर" म्हणणार असेल, तर त्याने खुशाल पान उलटावं. मी लाइनीवर आलेलो नाही. मी चिडलेलो आहे!

मी वाशीमचा. अकोल्याच्या कॉलेजात इंटरला होतो आणि सोबत सैनिकी शिक्षण घेत होतो. लष्करात अधिकारी व्हायचं, एवढं एकच डोक्यात. पण निवडीसाठी नाव पुढे जायचं तर कॅम्पमध्ये तुकडी चालवून दाखवायची परीक्षा पास व्हावी लागे. त्या हिवाळ्यात कॅम्प पडला अनसिंगजवळ, सखाराम गावंड्यांच्या वावरात. ज्वारी निघाली होती, धसकटं आम्हीच उपटली.

परीक्षेची सकाळ. लख्ख ऊन, वारा नाही. एका टोकाला परीक्षक मेजरसाहेब खुर्चीवर, शेजारी आमचे कवायतीचे उस्ताद. तुकडी चुन्याच्या रेघेपर्यंत न्यायची, 'पीछे मुड', आणि साहेबांसमोर आणून 'थम' म्हणत थांबवायची... झोपेतही केलं असतं.

'तेज चल' दिलं. बूट एका ठेक्यात पडत होते. निम्मं वावर ओलांडलं आणि एकदम आवाज बंद! मी आपला एकटाच पुढे चाललोय. वळून बघतो तर अख्खी तुकडी मध्येच उभी. धक्काबुक्की नाही, गोंधळ नाही — बरोबर पायावर, हुकूम मिळाल्यासारखी.

"काहून थांबले बे?" मी ओरडलो.

पहिल्या ओळीत माझा धनजचा दोस्त बबन. मान न हलवता म्हणाला, "तूच तं म्हनलं न बे, थम!"

"म्या? कवा?"

"आत्ताच! केवढ्यानं खेकसला."

माझं तोंड मिटलेलं होतं. आणि मला काहीही ऐकू आलं नव्हतं.

साहेबांनी बोलावलं. "मध्येच थम का दिलात?"

"दिला नाही, सर."

"मी इथून ऐकला. तुमचाच आवाज." उस्तादांनीही मान हलवली.

धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, बसलेले सखारामभाऊ मध्येच बोलले, "साहेब, पोराचा दोष नाई. त्या जाग्यावर माहे बैल बी थांबतेत. तिथं हाये कोनीतरी." मग माझ्याकडे बघून, "काल पत्रकं वाटून राह्यले होते न बापू? आता दुसरं छापजा!"

पोरं फिसकन हसली.

साहेब मात्र हसले नाहीत. हळूच म्हणाले, "तसं काही असेल तर सांगा. जागेचा दोष धरू, उद्या दुसऱ्या मैदानात परीक्षा घेऊ." उस्ताद कुजबुजले, "चुकून तोंडातून निघालं म्हण. गुण कापतील, पास करतील." मागून बबन खाणाखुणा करत होता... हो म्हन, कायले बी हो म्हन!

मी म्हटलं, "सर, हुकूम मी दिला नाही. आणि भुताने दिला असंही म्हणणार नाही."

"मग दिला कोणी?"

"माहीत नाही."

"आपली तुकडी कोणाच्या हुकमाने थांबली हे ज्याला माहीत नाही, त्याच्या हाती तुकडी द्यायची कशी?"

नापास.

मी गप्प बसलो नाही. दुपारी त्याच जागी चारी बाजूंनी पोरांना ओरडायला लावलं. प्रतिध्वनी नाही. एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. प्रत्येकाचं एकच — तुहाच आवाज. पोरांनी कट केला म्हणावं, तर मेजरसाहेब त्या कटात कसे? सखारामभाऊंचे बैलही त्या जागेवरून हाकायला लावले. आरामात रवंथ करत गेले! भाऊ म्हणतात, "तुमच्या समोर नाई थांबत ते."

बबन परीक्षा पास झाला, त्याचं नाव पुढे गेलं, माझं नाही. साहेबांचा राग येतो, पण त्यांचा प्रश्न रास्त होता याचा जास्त येतो. मी अजून पत्रकं वाटतो. आणि दर सभेत कोणीतरी मागून उठून विचारतंच, "मंग 'थम' कोनी देल्लं भाऊ?"

ज्या उत्तरावर नापास झालो, तेच उत्तर मी अजूनही देतो. दुसरं माझ्याकडे नाही.