आभाळातलं लोखंड आणि साडूंचं हेल्मेट

जगात भिण्यासारखी एकही गोष्ट माझ्या थोरल्या साडूंच्या नजरेतून सुटलेली नाही. कुकर चढला की ते अंगणात जाऊन उभे राहतात. हसनाबादहून भोकरदनला निघाले, तर ड्रायव्हरच्या मागे बसून 'जल्दी न्हाई भाऊ, जल्दी न्हाई' असा जप करतात. भ्यायलेल्याच्या उशाशी लोक विळा ठेवतात; यांच्या घरी त्यासाठी पेरूएवढा, पण उचलताना हात खाली ओढणारा एक लोखंडी गोळा होता. तो त्यांच्या वडिलांना मेंढरं चारताना माळावर सापडलेला. घरातल्या बाळंतिणींनी वापरून झाला की तो साडूंच्या उशाशी परत यायचा.

त्यांचे जावई जालन्यात विज्ञान शिकवतात. त्यांनी एकदा तो गोळा एका बाजूने घासून त्यावर ॲसिड फिरवलं, तर घोंगडीच्या विणीसारखे एकमेकांना छेदणारे रुपेरी पट्टे उमटले. जावई म्हणाले, हा फुटलेल्या एका छोट्या ग्रहाच्या पोटातला तुकडा. निवायलाच लाखो वर्षं लागली, म्हणून ही नक्षी. जालन्याच्या भट्ट्यांतल्या घाईच्या लोखंडाला हे भाग्य कुठलं! साडू भान हरपून बघत राहिले. मग एकाएकी पांढरेफटक पडले. "पाव्हणं, हे वरून आल्तं, म्हंजी आणखी बी येऊन राह्यलं असंल न्हाई का?" त्या दिवसापासून ते हेल्मेट घालून शेतात जाऊ लागले. मोटारसायकल त्यांच्याकडे नाही. तिची त्यांना भीती वाटते.

यंदा त्यांची लेक जालन्यात सातव्या महिन्यातच बाळंत झाली. मूठभर नात काचेच्या पेटीत. साडू धावत आमच्या जालन्याच्या घरी आले, हेल्मेट आमच्या खुंटीला अडकवलं आणि माझ्याबरोबर दवाखान्यात निघाले. गोळा आत नेऊ देईनात, तेव्हा त्यांनी तो खोलीच्या काचेला बाहेरूनच टेकवून धरला.

"लई दुरून एकलंच आल्तं हे," ते पुटपुटले. "पेटलं, पर पोचलं. ही बी पोचंल. बराबर पोचंल."

पोर पोचली. आता ती हसनाबादला आहे, आणि गोळा तिच्या उशाशी. हेल्मेट मात्र अजून आमच्याच खुंटीला आहे. परवा मी फोनवर म्हटलं, घेऊन जा एकदा.

"राहू द्या वो. ते घातलं तर ती मला भिईल."

तेवढ्यात मागे कुकरची शिट्टी वाजली. मी विचारलं, "आता पळणार ना अंगणात?"

"कुठं पळू पाव्हणं?" साडूंचा आवाज कापत होता, पण अगदी हळू होता. "मांडीवर झोपली हाय."