कुलूपबाईंचं चार वाजताचं टपाल

१४ मार्च, मंगळवार. सहाला उठले. गुडघा बरा. दूध उतू गेलं, शेगडी पुसून घेतली. लेक साडेआठला लॅबमध्ये गेली. चष्म्याचं घर टेबलावर विसरली, चष्मा मात्र नेला. दुपारी कपडे धुऊन गच्चीवर वाळत घातले. चारला फोन करायचा आहे.

आईच्या वहीत हा चारचा फोन रोज असतो. लेक रक्त-लघवीपासून गाठीपर्यंत सगळं तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करते. तिनेच लिहिलेला एक प्रोग्रॅम ती रोज दुपारी चारला चालवते आणि तो दिवसभराचे सगळे रिपोर्ट ईमेलने रवाना करतो. ते गेले की शेवटचा किती वाजता गेला, हे आई विचारते आणि वहीत टिपते. "तुला काय करायचंय गं त्या वेळेशी?" असं लेकीने एकदा विचारलं होतं. आई म्हणाली, "बाकी सगळं तू मला कुठे सांगतेस? निदान वेळ तरी."

त्या मंगळवारी चार वाजून दोन मिनिटांनी लेकीच्या समोरच्या काळ्या पडद्यावर एक ओळ आली: समोरच्याची ओळख पटली नाही. पाठवले नाही.

तिने पुन्हा चालवून पाहिलं. पुन्हा तीच ओळ. त्रेसष्ट रिपोर्ट जागच्या जागी.

लॅबमध्ये तिला कुलूपबाई म्हणतात. बाविसाव्या वर्षी ती इथे आली तेव्हा काउंटरवर पाकिटांना डिंक लावायची. मग लॅबची मालकीण, म्हणजे डॉक्टरबाई, यांनी कॉम्प्युटर आणला, आणि कुणाला काही कळेना तेव्हा हिने जुन्या पुस्तकांवरून प्रोग्रॅम लिहायला शिकून घेतलं. पहिला प्रोग्रॅम लिहिला तेव्हा ती इतकी खूश झाली होती की लॅबच्या मेलचा पासवर्ड तिने त्यातच तिसऱ्या ओळीत उघडा लिहून ठेवला होता. पत्रंही उघडीच जायची, पोस्टकार्डासारखी. कामाशी काम!

सहा वर्षांपूर्वी त्याच उघड्या वाटेने तिच्या वडिलांचा रिपोर्ट गेला. इमारतीतल्या चार ऑफिसांची इंटरनेटची लाइन एकच होती आणि वरच्या मजल्यावरच्या विमा एजंटाला तारेवरून जाणारी लोकांची पत्रं वाचायचा नाद होता. त्याने तो वाचला आणि चार जणांत बोलला. संध्याकाळी शेजारचे गृहस्थ घरी आले, वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "धीर सोडू नका." वडील हातात चहाचा कप घेऊन विचारत राहिले, "कसला धीर? काय झालंय?" घरात अजून कुणालाच काही माहीत नव्हतं.

वडील पुढे सात महिने जगले. त्यांनी तिला एका शब्दाने दुखावलं नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

त्यानंतर तिने प्रोग्रॅम पायापासून नवा बांधला. पासवर्ड प्रोग्रॅमच्या बाहेर, वेगळ्या बंद जागी. पत्र निघायच्या आधी वाटेला कुलूप. आणि कुलूप लावायच्या आधी समोरच्याची ओळख तपासायची, कारण पोस्टमनचा गणवेश घालून कुणीही दारात उभा राहील. त्याच्या हाती बंद पाकीट दिलं काय अन् उघडं दिलं काय, सारखंच. ओळख पटली नाही तर प्रोग्रॅमने तोंड मिटून बसायचं. रिपोर्ट जायचे तेही याच एका कॉम्प्युटरवरून. किल्ली चार हातांत फिरायला नको. नियम तिचाच. आज तोच तिच्या अंगलट आला.

"गेले का हो?" डॉक्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"नाही. मेलवाल्यांची ओळख पटत नाहीये."

"इतक्या वर्षांची ओळख, आजच कशी मोडली?"

"तेच बघतेय."

तिने मेलच्या कंपनीला फोन लावला. पलीकडचा माणूस म्हणाला, सगळं सुरळीत आहे, बाकी कुणाची तक्रार नाही. तिने तार काढून पुन्हा खोचली. उठली, पाणी प्यायली, बसली, पुन्हा उठली. बाटलीचं झाकण लावायची, काढायची. टायपिस्टकाका चष्म्यावरून बघत म्हणाले, "बाई, त्या झाकणाचे आटे जातील."

"जाऊ देत."

"झाकणाला काय, कुलूपच लावा ना एखादं."

एरवी ती हसली असती. पण चार वाजून वीस मिनिटांनी काउंटरवरचा फोन वाजला आणि तो कुणाचा असणार हे तिला न उचलताच कळलं. शिवणकाम करणाऱ्या एका बाईंचा. गेल्या आठवड्यात त्यांच्या गाठीचा तुकडा तपासायला आला होता. नाव नोंदवताना काउंटरवर वाकून त्या हळूच म्हणाल्या होत्या, "फोनवर काही पाठवू नका हं. फोन घरात सगळ्यांचा आहे, सासूबाईंपासून पुतण्यापर्यंत. मेल तेवढा माझा एकटीचा, दुकानातल्या कॉम्प्युटरवर. जे काय असेल ते आधी मला कळू दे. मग मी ठरवीन, कुणाला कसं सांगायचं." तोच रिपोर्ट त्यांच्या सर्जनलाही जायचा होता, आणि सर्जनच्या दवाखान्यात उद्याच्या ऑपरेशनांची यादी बरोबर पाचला लागते. पाचपर्यंत रिपोर्ट मेलवर आला नाही तर यादीत नाव नाही, आणि सर्जन पुढे पंधरा दिवस परगावी.

"ताई, मी दुकानातून बोलतेय," बाई म्हणाल्या. "आला नाही अजून."

"येईल. थोडं थांबा."

"थांबतेच आहे हो. आठ दिवस तेच तर करतेय. एका बाईच्या ब्लाउजला उलटी बाही लावून बसलेय मघाशी."

फोन ठेवल्यावर तिने प्रोग्रॅम पुन्हा चालवून पाहिला; तीच ओळ. डॉक्टरबाई म्हणाल्या, "द्या इकडे, मी फोटो काढून पाठवते फोनवर."

"त्यांनी नको सांगितलंय."

"मग ते ओळख-बिळख तपासणं आजच्यापुरतं बंद ठेवा. एका शब्दाचं तर काम आहे, तुम्हीच म्हणाला होतात."

"हो, एकाच शब्दाचं आहे."

"मग? कुणी टपून बसलंय का आपल्या दारात?"

"तेव्हाही कुणी बसलंय असं वाटलं नव्हतं."

डॉक्टरबाईंना वडिलांची गोष्ट ठाऊक होती. त्यांनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तुमचं मन मला कळतं. पण सोवळ्यापायी त्या बाईची तारीख हुकली, तर ते पाप कुणाच्या माथी?" आणि वळून निघून गेल्या.

हे बोलणं तिला झोंबलं, कारण ते खोटं नव्हतं. इकडे आड, तिकडे विहीर. तिने प्रोग्रॅम उघडला. वरून अकरावी ओळ: ओळख तपासा, हो. 'हो' खोडायचं, 'नाही' लिहायचं. त्रेसष्टच्या त्रेसष्ट रिपोर्ट अर्ध्या मिनिटात गेले असते. बहुधा काहीच बिघडलं नसतं. बहुधा! हा शब्द तिच्या डोक्यात माशीसारखा घोंघावत राहिला. वडिलांच्या हातातला तो कप, त्यातला चहा निवत गेलेला.

चार अडतीस. तिने 'हो' खोडलं. 'नाही' लिहिलं. बोट बटणावर ठेवलं आणि तसंच राहू दिलं. 

तेवढ्यात तिचा स्वतःचा फोन वाजला.

"काय गं, गेले का?" आई. "चारला केला होता, तुझा लागेना."

"आई, आत्ता नको. गेले नाहीत."

"गेले नाहीत? मग मी काय लिहू?"

"काहीही लिही! काही लिहू नकोस!"

"ओरडू नकोस. शेवटचा प्रयत्न कधी केलास ते सांग, तेवढंच टिपते."

वाद घालण्यापेक्षा सांगून टाकलेलं बरं. तिने रोजच्या सवयीने काळ्या पडद्यावरची शेवटची ओळ वाचायला घेतली. "एक जानेवारी दोन हजार दहा, सात वाजून एकतीस..."

पलीकडे पेन थांबलं. "कोणतं साल म्हणालीस?"

"दोन हजार..." तिने पडद्यावरची ओळ पुन्हा वाचली.

"अगं, मी इथे वर १४ मार्च लिहून बसलेय. दोघींपैकी एकीचं तरी डोकं ठिकाणावर हवं."

"आई, ठेवते!"

सकाळी साफसफाईच्या मावशींनी टेबल सरकवताना कॉम्प्युटरची पिन काढली होती. वीज नसताना तारीख धरून ठेवणारा आतला बटणाएवढा जुना सेल कधीच संपलेला. वीज गेली तशी यंत्राची तारीख पुसली गेली आणि सकाळी नऊला ते सन दोन हजार दहापासून नव्याने जगायला लागलं. काळी खिडकी पडदाभर पसरलेली, कोपऱ्यातली तारीख तिच्याआड. ही वेळ बघते ती मनगटावर. मेलवाल्यांच्या ओळखपत्रावर मात्र ते कधीपासून कधीपर्यंत चालेल हे लिहिलेलं असतं, आणि ते निघालं होतं गेल्या वर्षी. यंत्राच्या हिशेबाने समोर उभा होता तो अजून जन्मालाच न आलेला माणूस. त्याची ओळख पटणार कशी!

खरं कारण यंत्राने तिला सांगितलंही असतं. पण लांबलचक इंग्रजी इशारे काउंटरवरच्या पोरींना घाबरवतात म्हणून तिनेच ते गिळून टाकून, त्या जागी आपलं सुटसुटीत वाक्य घातलं होतं. काखेत कळसा, आणि वर तिनेच झाकण लावलेलं.

तिने तारीख बदलली. वेळ बदलली. घाईत मार्चऐवजी आधी मे झाला. मग बटणाकडे गेलेलं बोट तिने चटकन मागे घेतलं. अकराव्या ओळीत अजून 'नाही' होतं. ते खोडून 'हो' लिहिलं, मोठ्याने वाचलं, "हो." टायपिस्टकाका म्हणाले, "मी काही विचारलं नाही, बाई."

ओळख पटली. कुलूप लागलं. एकामागून एक ओळी वर सरकू लागल्या. शिवणकामवाल्या बाईंचा रिपोर्ट एक्केचाळिसावा. त्यात काय आहे हे तिने कधीच पाहिलं नव्हतं; तोही नियमच. चार बावन्नला शेवटचा गेला. चार पंचावन्नला सर्जनच्या दवाखान्यातून पोचपावती आली: नाव यादीत घेतले.

पाच वाजून गेले तरी ती उभीच होती. पाच दहाला काउंटरवरचा फोन वाजला.

"आला," शिवणकामवाल्या बाई म्हणाल्या. मागे रस्त्यावरचे भोंगे. "वाचला. दुकानाचं दार लावून घेतलं होतं."

रिपोर्टात काय आलं ते हिने विचारलं नाही. "बरोबर कुणी आहे का?"

"आत्ता नको आहे कुणी. सात वाजेपर्यंत माझं मी बघते. मग घरी जाऊन सांगेन, माझ्या तोंडाने." फोन ठेवता ठेवता म्हणाल्या, "ती बाही उसवायची राहिलीय अजून. ठेवते, ताई."

जाता जाता डॉक्टरबाईंनी विचारलं, "नक्की काय झालं होतं?"

"सेल संपला होता. उद्या नवा घालते. आणि ते माझं सुटसुटीत वाक्य काढून टाकते."

"आणि शोधलं कसं?"

"आईने."

घरी जेवण झाल्यावरही तिचे पाय थांबेनात. खिडकीपासून दारापर्यंत, दारापासून खिडकीपर्यंत. आईने चष्मा लावून वही उघडली. "बस गं जरा, लादी झिजेल. हं, किती वाजता?"

"चार बावन्न."

"तारीख विचारत नाही. माझ्याकडे आहे."

आईने लिहिलं: रिपोर्ट ४.५२ ला गेले. लेक जेवताना फार बोलली नाही. गच्चीवरचे कपडे आत आणले. एक मोजा कमी भरला.