चित्त्याशी बोलणं

लग्न होऊन मी कोल्हापूरला आले तेव्हा माहेरच्या मैत्रिणींना एकच धास्ती होती, सासू खाष्ट निघते की काय. सासू नव्हतीच, ती केव्हाच वारली होती. तिच्या जागी चित्ता होता.

सासरे दरबारचे चित्तेवान. आफ्रिकेतून बोटीने आणलेले चित्ते माणसाळवायचे आणि शिकारीच्या दिवशी माळावर काळविटांमागे सोडायचे, हे त्या घराण्याचं पिढीजात काम. नवा चित्ता आला की त्याच्या डोळ्यांवर कातडी टोपी चढवायची, साखळी घालून अंगणातल्या बाजेवर बसवायचं, आणि घरातल्या बायकांनी जवळ बसून दिवसभर बोलायचं. माणसाचा आवाज कानात मुरला म्हणजे जनावर बुजत नाही. ही तिथली रीतच.

मी आले त्याच वर्षी शेवटचा चित्ता आला. नणंद म्हणाली, "वयनीला बसवा की. न्हायतरी तिचं तोंड कुठं गप ऱ्हातंय!"

बसले. पहिले दोन दिवस काय बोलावं सुचेना, म्हणून पाढे म्हटले. मग गारगोटीकडचं माहेर आठवलं, तिथली विहीर, धाकट्या बहिणीचं रडं. मग हळूहळू सासरची गाऱ्हाणी सुरू झाली. नवरा मान हलवायचा आणि पेपर वाचायचा, सासरे मान हलवायचे आणि अंगणात निघून जायचे. चित्ता मात्र कान माझ्याकडे वळवून बसायचा. त्या घरात माझं ऐकून घेणारा तेवढा एकच होता, आणि त्याला बांधून ठेवलेलं होतं.

पुढं संस्थान विलीन झालं. शिकार बंद, चित्तेखाना बंद. हत्ती-घोड्यांची कुठं कुठं सोय लागली. चित्त्याला कोण घेणार? नव्या सरकारच्या साहेबांनी सासऱ्यांना बोलावून विचारलं, गोळी घालायची की गावातल्या बागेत पिंजरा करून ठेवायचा? पिंजऱ्यावर राखणदार म्हणून तुम्हीच राहा. सासऱ्यांनी पिंजरा म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तुम्ही-आम्ही तरी काय म्हटलं असतं?

पिंजऱ्यात घातल्यावर साहेबांनी टोपी काढायला लावली. म्हणाले, मुक्या जनावराचे डोळे बांधणं हा क्रूरपणा आहे, आणि शिवाय लोकांना त्याचे डोळे दिसले पाहिजेत. यातलं खरं कारण कुठलं, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

चित्त्याला टोपीचा एकच अर्थ माहीत होता. टोपी निघाली की समोर काळवीट आणि पळायला माळ. इथं टोपी निघाली आणि समोर गज. पहिल्या दिवशी तो गजांवर आदळला, नाक फुटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आदळला. मग भिंतीकडे तोंड करून बसला तो बसलाच. हातकणंगल्याकडून, कुठून कुठून माणसं यायची आणि त्याची पाठ बघायची. "ओ पावणं, पळवा की त्येला! चित्ता हाय का मांजर?" असं सासऱ्यांना विचारायची. शेंगा मारायची, खडे मारायची. एक मास्तर शाळेची मुलं घेऊन आले. म्हणाले, पुस्तकातल्या चित्रापेक्षा हे बरं, मुलांना जनावर कळतं. मुलांना काय कळलं असेल ते असो, बागेतल्या झोपाळ्यावर मात्र रांग लागली होती.

चित्त्यानं खाणं सोडलं. संध्याकाळी सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. एरवी ते तिकडे फिरकत नसत.

"पोरी, तू येऊन बोलतीस का त्याच्याशी?"

गेले. कडेवर लेक, मागे भांडी तशीच पडलेली. मी पिंजऱ्यापुढे उभी राहिले तेव्हा त्यानं मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. मला वाईट वाटलं, मग लक्षात आलं, त्यानं मला कधी पाहिलंच नव्हतं. टोपीत होता ना. मी म्हटलं, "काय रे, जेवत न्हाईस व्हय?" तसे त्याचे कान फिरले. मी बोलत राहिले, त्यानं मटण खाल्लं. लोक हसत होते, बाई जनावराशी बोलती म्हणून.

मग ते रोजचंच झालं. दुपारची कामं उरकून बागेत जायचं, स्टुलावर बसायचं आणि बोलायचं. लेक चालायला लागली तरी बोलतेच आहे. डाळीचा भाव सांगितला, नणंदेचं बाळंतपण सांगितलं, जुनी गाऱ्हाणी उगाळून झाली, शेवटी पुन्हा पाढ्यांवर आले. माझा आवाज त्याला बरा वाटे की नुसता जगवत ठेवी, कोण जाणे. जगवून करायचं काय, हे मात्र कुणी विचारत नव्हतं. त्याला रानात सोडावं तर कुठल्या? हे रान त्याचं नव्हतं, आणि जे होतं ते आम्हीच बोलून बोलून त्याच्या कानातून काढून टाकलं होतं. गज नंतर आले. पिंजऱ्याचं काम आमच्या अंगणातच सुरू झालं होतं.

एक दिवस मी सासऱ्यांना म्हटलं, "मामंजी, सायबास्नी सांगा. गोळी घाला म्हणावं."

त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "तुला जड झालं व्हय गं?"

"व्हय, झालं. त्यालाबी झालंय."

त्यांनी साहेबांना सांगितलं नाही. गरजही पडली नाही. पावसाळा संपता संपता माझ्या बोलण्यावरही तो खाईना, आणि एका सकाळी भिंतीकडे तोंड करूनच गेलेला सापडला. मला रडू आलं नाही. सुटला एकदाचा, असंच वाटलं, आणि त्याच्याबरोबर मीही सुटले असं वाटलं. सासऱ्यांनी टोपी घरी आणून खुंटीला अडकवली. पिंजरा रिकामा राहिला. लोक येऊन चौकशी करत, चित्ता कुठं गेला?

थंडी सुरू झाली. एका संध्याकाळी सासरे लगबगीनं घरी आले, थेट स्वयंपाकघराच्या दारात. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळलेला होता. मी भाकरी थापत होते.

"सायबांनी पिंजऱ्यासाठी बिबट्याचं पिल्लू आणलंय राधानगरीच्या रानातनं," ते म्हणाले. "लई ग्वाड हाय. पर मानसाच्या आवाजाला भितंय, कोपऱ्यात जाऊन बसतंय. उद्यापासनं तू ये की. बोल जरा त्याच्याशी."

मी भाकरी तव्यात टाकली. ते दारात उभेच होते.

"भिऊ दे त्याला, मामंजी," मी म्हटलं. "म्या न्हाई बोलायची."