तोंडून न निघालेले नाव

मालवणच्या बंदरावर मासे विकणाऱ्या कृष्णाबाई मेथर यांनी लग्न झाल्यापासून पतीचे नाव कधीही उच्चारले नव्हते. नाव घेतल्याने दर्यावर गेलेल्या माणसाचे आयुष्य घटते, अशी सासूची शिकवण होती. त्यामुळे कोणत्याही कचेरीत जाताना नाव सांगण्यासाठी कोणालातरी सोबत न्यावे लागे.

एके दिवशी होडीवर पतीचा पाय मोडला. खलाशांनी त्यांना परस्पर कणकवलीच्या दवाखान्यात पोहोचवले. घरात दुसरे कोणी नव्हते, म्हणून कृष्णाबाई एकट्याच मागोमाग गेल्या.

“पेशंटचं नाव?” खिडकीतल्या मुलीने विचारले. “त्याशिवाय आत सोडता येणार नाही.”

“तेंचा नाव माझ्या तोंडान कसा घेव गो?”

“मग उखाणा घ्या, आजी!” मागून कोणीतरी हसले.

कृष्णाबाईंनी पेन मागितले. प्रौढांच्या साक्षरता वर्गात नुकतीच गिरवलेली अक्षरे त्यांनी सावकाश कागदावर मांडली.

“गुणाजी मेथर,” मुलीने मोठ्याने वाचले. “जा, आत आहेत.”

ओठ मिटलेले होते, तरीही नाव साऱ्या खोलीने ऐकले! कृष्णाबाई स्वतःच्या बोटांकडे पाहतच राहिल्या.

“कोणाक घेवन इलंस गो?” खाटेवरून गुणाजींनी विचारले.

“कोणाक नाय.”

“मगे माझा नाव कोणी सांगल्यान?”

“मीयाच. लिवन दिलंय.”

गुणाजींनी त्यांचा हात हाती घेतला आणि नवलाने उलटसुलट करून पाहिला.