एका दांडक्याची साथ

पक्षाघाताने डावा हात लुळा पडला आणि माझा तबला सुटला. डावा हात गेला म्हणजे डग्गा गेला, आणि डग्ग्याशिवाय तबला म्हणजे मिठाशिवाय वरण. पुण्यातल्या शिकवण्या बंद करून मी लेकीकडे नोएडाला आलो. कुणी संगीताचं नाव काढलं की खेकसायचो.

तरी एका रविवारी तिने मला मेट्रोत बसवलंच. दिल्लीत कोपर्निकस मार्गाजवळच्या एका सभागृहात बास्क लोकसंगीताचा कार्यक्रम होता. "स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचे लोक आहेत, बाबा. घरी बसून तरी काय करणार? चलो ना!"

आधी आला बासरीवाला. डाव्या हातात तीन भोकांची बासरी आणि त्याच वेळी उजव्या हाताने छोटा ढोल. पाच मात्रांची लय मोठी गोड लंगडत होती. माझं लक्ष मात्र त्याच्या डाव्या हातावर. सरळ सांगतो, जळफळाट झाला माझा.

मग दोन बायकांनी दोन आधारांवर जाड फळ्या आडव्या मांडल्या. या वाद्याला चालापार्ता म्हणतात आणि ते वाजवायला दोघं लागतात. दोघी उभ्या धरलेल्या दांडक्यांनी ठोके देत होत्या, एकीच्या ठोक्यांमधल्या जागेत दुसरीचे. मध्येच थांबून एकीने नियम सांगितला, तो लेकीने मला मराठीत सांगितला. आपल्या पाळीला दोन ठोके द्यावेत, एक द्यावा, नाहीतर एकही देऊ नये. गप्प राहिलं तरी पाळी भरते.

"कुणी येतंय का वाजवायला?" असं त्या बाईने विचारलं आणि मी कसा उठलो, देव जाणे. डावा हात खिशात, उजव्या हातात एकच दांडकं. ती दोन ठोके देई, मी एक. सुरुवातीला पार गडबडलो. मग एका पाळीला मुद्दाम थांबलो. तिने ती जागा तशीच राखली आणि साथीदार समेला डोलावतो तशी मान डोलावली. अंगावर काटा आला.

परतताना मेट्रोत मी लेकीला म्हटलं, "उद्या तबला काढ. मी उजव्याने वाजवीन, डग्ग्यावर तू बस."

"अहो बाबा, मला कुठे येतं?"

"शिकवतो."

आजारपणानंतर हा शब्द पहिल्यांदाच तोंडून निघाला, आणि भरल्या डब्यात मला रडू फुटलं.