पडद्यावरचा पाऊस

गच्चीवरचा निळा ड्रम पाहिला की मला तो सिनेमा आठवतो. उदगीर जिल्हा होणार अशी गावात नुसती हवा, आणि नळाला मात्र टिपूस नाही, असा तो उन्हाळा. माझ्या लाडक्या तमिळ हिरोचा डब केलेला सिनेमा लागला, तेव्हा टँकरची पाळी शेजारणीवर सोपवून मी बायकोला हट्टानं नेलं. माझं वेड तिला एकदा तरी कळावं, एवढीच इच्छा. तेच गाड्या उडवणं, तीच रडणारी आई; मी चिडत होतो आणि शिट्ट्याही मारत होतो. मग पावसाचं गाणं आलं. हिरॉइनवर नुसतं पाणी ओतत होते. मागून कुणी ओरडलं, “अरे भाऊ, पाईप इकडं फिरव की!” सगळं थेटर हसलं. बायको हळूच म्हणाली, “अवो, खाली बादली तरी लावायची.” मला हिरोचा असा संताप आला, की उठावंसं वाटलं. तेवढ्यात त्यानं गॉगल फिरवला आणि माझी बोटं शिट्टीसाठी तोंडात गेली. ती उठली, टँकर गाठायला एकटीच निघून गेली. मी बसून राहिलो. घरी आलो तर माझ्या अंघोळीचं पाणी तिनं काढून ठेवलेलं. आज खरं सांगतो, सिनेमा भिकार होता, आणि तो संपूच नये असं मला वाटत होतं.